पवनीचा नाग आणि पुण्याचा नागराज

पवनीला वैनगंगेजवळ जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं आणि टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्यातल्या शिल्पांमध्ये एक नाग आहे. फणे उभारलेला, एकाच वेळी भीती आणि आसरा वाटावा असा. तो मुचलिंद. बुद्धाला पावसापासून जपणारा नागराजा. शिल्पावर ब्राह्मी लिपीत त्याचं नावही कोरलेलं आहे, म्हणजे कोणता नाग याबद्दल बघणाऱ्याच्या मनात शंका राहू नये. स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावंही आहेत. नागाचं नाव टिकलं, दात्यांची टिकली. ज्या माणसानं छिन्नी धरून तो फणा दगडातून बाहेर काढला, त्याचं नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही.

सुपरहिरोंच्या चित्रकारांवरचं हे लिखाण मी भंडारा जिल्ह्यातल्या एका टेकडीपासून सुरू करतो आहे, कारण मी पाहिलेला पहिला सुपरहिरो नागच होता. आणि त्याच्या चित्रकाराचं नाव मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

नागपंचमीला आजी पाटावर हळद-चंदनानं नाग काढायची. दोन वळणं आणि वर फणा, एवढ्यात काम आटपायचं. दुसरा नाग मला तुमसरला भेटला. बसस्टँडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका भाऊंचं पुस्तकं भाड्यानं देण्याचं खोपटं होतं. सुतळीवर कॉमिक्स कपड्यांसारखी वाळत घातलेली असायची. आठ आणे दिवसाचं भाडं. भाऊ कॉमिक्स हातात देताना दर वेळी एकच गोष्ट सांगायचे, "पान मोडू नको बाप्पा, अजून दहा पोट्टे वाचणारे आहेत." त्या सुतळीवर हिरव्या खवल्यांचा, मनगटातून साप सोडणारा एक धिप्पाड गडी लटकलेला होता. नागराज.

कॉमिक्स हिंदीत होतं. आमच्याकडे त्याची अडचण कुणालाच नव्हती. तुमसरहून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला, म्हणजे थेट मध्य प्रदेशात जातो. बाजारात, खाणीवर, गाडीच्या डब्यात हिंदी कानावर पडतच असते. त्यामुळे दिल्लीत छापलेला नागराज आमच्या पोरांना शेजारच्या गल्लीतला वाटायचा. तो किती शेजारचा होता, हे फार उशिरा कळलं.

नागराज पहिल्यांदा आला १९८६ साली. दिल्लीच्या राजकुमार गुप्ता यांच्या राज कॉमिक्सनं तो आणला आणि सुरुवातीच्या कथा परशुराम शर्मा यांनी लिहिल्या. त्याच वर्षी श्रीदेवीचा 'नगीना' पडद्यावर गाजला होता, त्यामुळे हवेतच इच्छाधारी नाग होते. पण गोष्ट नुसती लोककथेची नव्हती. नागमणी नावाचा एक दुष्ट प्रोफेसर नागराजला शस्त्र म्हणून घडवतो आणि दहशतवाद्यांच्या कामाला जुंपू पाहतो. बाबा गोरखनाथ त्याला त्या बंधनातून सोडवतात. मग हा जगभरचा दहशतवाद संपवायची शपथ घेतो. रक्तात असंख्य सूक्ष्म साप, श्वासात विष, मनगटातून सापांचा मारा. मनगटाची कल्पना न्यूयॉर्कच्या स्पायडरमॅनकडून आलेली दिसते. नाथपंथी गुरू आणि नाग मात्र आपल्या मातीतले. अमेरिकेहून आलेला प्रकार इथे रुजला तो असा, आपल्याच देवळातल्या ओळखीच्या मूर्तीचा हात धरून.

हे चित्रात उतरवलं पुण्यानं. सुरुवातीच्या वर्षांत नागराज रेखाटणाऱ्यांत दोन मराठी नावं येतात, प्रताप मुळीक आणि संजय अष्टपुत्रे. त्यातही ज्या नागराजवर एक अख्खी पिढी पोसली, तो साधारण १९९५ पर्यंतचा भरदार अंगाचा नागराज मुळीकांचा. दिल्लीची कथा, पुण्याची रेषा, आणि वाचणारे पोट्टे तुमसरचे.

मुळीकांचा हात नागराजवर आला तेव्हा तो मुरलेला होता. इंडिया बुक हाउसची 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली. संपादक अनंत पै. त्या मालिकेतला 'शिवाजी' मुळीकांनी काढला, त्याचं लेखन भा. रा. भागवतांचं. म्हणजे फास्टर फेणेच्या जनकानं लिहिलेले आणि मुळीकांनी काढलेले शिवाजी महाराज इंग्रजीतून देशभरच्या मुलांपर्यंत पोचले. 'गीता'ही त्यांचीच. गीतेचं चित्रण करायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. दोन माणसं रथात उभी राहून बोलताहेत आणि पानामागून पान नुसतं तत्त्वज्ञान चाललंय. तिथे वाचकाचा डोळा खिळवून ठेवायचा तर चेहरा, हात आणि नजर यांवरच सगळा भार पडतो. ज्यानं हे काम केलं, त्याला पुढे मारामारी काढणं सोपं गेलं असणार असं मला वाटतं. मुळीकांच्या मारामारीत माणसाचं वजन दिसतं. नागराज उडी घेतो तेव्हा त्याच्या मांड्यांचे स्नायू आधी ताणलेले असतात. पडलेला गुंड खरोखर पडलेला असतो.

नागराजच्या आधी त्यांच्या हातून आणखी एक सुपरहिरो घडला होता, आणि तो चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा होता. १९८३ च्या सुमारास पम्मी बक्षी यांच्या कल्पनेतून 'सुप्रीमो' निघालं. नायक साक्षात अमिताभ बच्चन. दिवसा नट, वेळ आली की डोळ्यांवर गॉगल चढवलेला तारणहार. कथांना गुलजारांची मदत होती आणि चित्रं मुळीकांची. दोनेक वर्षं ते चाललं. मला यातली चित्रकाराची अडचण फार मोठी वाटते. कल्पनेतल्या नायकाचं नाक या चौकटीत लांब आणि पुढच्या चौकटीत आखूड झालं तर कुणी विचारत नाही. अमिताभचं झालं तर दुसरीतलं पोरही बोट दाखवणार. खालून, वरून, पाठमोरा, पाण्यात, हवेत, कुठल्याही कोनातून तो अमिताभच दिसला पाहिजे.

त्याआधी आपल्याकडचे नायक बाहेरून येत. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं आणि ली फॉकचा फँटम त्यातून वेताळ होऊन मराठी घरांत शिरला. १९७६ साली त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या डाकूंशी लढणारा देशी नायक. पण बहादूर माणूसच होता, त्याला दैवी ताकद नव्हती. ताकद अंगात असलेला, रंगीत अंगाचा, अमेरिकन साच्यातला पण आपल्या रक्ताचा नायक घराघरांत रुजवला तो नागराजनं.

तो साचा ज्यांनी घडवला त्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जॅक कर्बी. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब, दाट वस्तीत. खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. आईवडील ऑस्ट्रियाच्या मुलखातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. गल्लीतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या रोजच्या. कर्बींच्या चित्रांतला ठोसा जो इतका खरा वाटतो, तो या गल्लीतला आहे. चित्रकलेच्या नामांकित संस्थेत ते जेमतेम आठवडाभर टिकले. बाकी सारं वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्या बघून बघून शिकले. मग पॉपायची कार्टून बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओत दोन मुख्य चित्रांमधली मधली चित्रं काढायची नोकरी केली. तिथे त्यांना कारखान्यातल्या पट्ट्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटे. वडिलांचंच आयुष्य पुन्हा.

१९४० च्या अखेरीस जो सायमन यांच्या जोडीनं त्यांनी 'कॅप्टन अमेरिका' काढला. पहिल्याच मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती, पर्ल हार्बर अजून वर्षभर लांब होतं. अंक तुफान खपला. कर्बींना स्वतःला सैन्यात जावं लागलं ते १९४३ मध्ये, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. हा चित्रकार आहे हे कळल्यावर वरिष्ठांनी त्यांना पुढे जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढायच्या कामाला लावलं, असं ते सांगत. हे काम सगळ्यात धोक्याचं. त्या हिवाळ्यात त्यांचे पाय थंडीनं इतके गारठले की ते कापावे लागतात की काय अशी वेळ आली होती. पाय वाचले, पेन्सिलही वाचली.

१९६१ मध्ये लेखक स्टॅन ली यांच्यासोबत 'फँटॅस्टिक फोर' आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत हल्क, थॉर, एक्स-मेन, आणि १९६६ मध्ये ब्लॅक पँथर. ही कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीत तेव्हा काम करायची एक खास रीत होती. लेखक गोष्टीचा गोषवारा द्यायचा, चित्रकार तिची पूर्ण पानं रचायचा आणि संवाद मागून लिहिले जायचे. म्हणजे कोणतं दृश्य किती मोठं, कुठे थांबायचं, कुठे धक्का द्यायचा हे सगळं पेन्सिल धरणारा ठरवी. अशा रीतीत चित्रकार हा निम्मा लेखक असतो. श्रेयाच्या ओळीत मात्र हे निम्मेपण दिसत नाही, आणि कर्बींचं पुढचं आयुष्य त्याच ओळीसाठीच्या झगड्यात गेलं.

या धंद्यातली ही जखम जुनी. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. सुपरमॅननं कोट्यवधी कमावले आणि हे दोघं म्हातारपणी हलाखीत. लोकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे १९७५ मध्ये त्यांना वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन मिळालं आणि कॉमिक्सवर नाव आलं. कर्बींनी मार्व्हलसाठी दहा हजारांहून जास्त पानं काढली. मूळ पानं चित्रकारांना परत द्यायचं ठरलं, तेव्हा इतरांना लहानसा कागद सही करायला दिला गेला आणि कर्बींपुढे हक्क सोडून देणारा वेगळा, लांबलचक करार ठेवला गेला. त्यांनी नकार दिला. त्यांच्या बाजूनं चित्रकार आणि वाचक उभे राहिले. अखेर १९८७ मध्ये सुमारे २,००० पानं हाती आली. बाकीची गेली ती गेलीच. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी कर्बी वारले. वारसांची आणि मार्व्हलची कोर्टातली लढाई मिटली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. त्यानंतर निर्माते म्हणून त्यांचं नाव ठसठशीत छापलं जाऊ लागलं. मरणानंतर वीस वर्षांनी.

हे मी इतकं लांबण लावून सांगितलं, कारण कर्बींच्या बाबतीत भांडायला काहीतरी जागा होती. पानं होती, नोंदी होत्या, भांडणारे वाचक होते. आपल्याकडे चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळत आणि विषय तिथेच संपे. पान प्रकाशकाचं, नायकही प्रकाशकाचा.

त्या पानामागे किती हात राबायचा, ते नागराजच्या एका चौकटीवरून बघा. सुपरमॅनचं अंग निळ्या कपड्यात झाकलेलं. बाह्यरेषा आणि चार सावल्या काढल्या की काम झालं. नागराजला अंगभर खवले. खांद्याच्या गोलाईवर ते पसरट होतात, कमरेच्या वळणात आकसतात, दंड फुगला की त्यांची ओळ वाकते. एकाच जाडीची जाळी सगळीकडे ओढली तर अंग सपाट पडतं, अंगावर मच्छरदाणी घातल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक खवला अंगाच्या घडणीबरोबर फिरला पाहिजे. बत्तीस पानांचं कॉमिक्स, पानाला पाच-सहा चौकटी, म्हणजे दीडशेच्या वर चौकटी. त्यातल्या बहुतेकांत नायक, आणि प्रत्येक वेळी अंगभर खवले. शिवाय साप. मनगटातून सुटलेले पाच-सात साप, त्यांची वेटोळी एकमेकांवरून गेलेली, कोणतं वर आणि कोणतं खाली हे चुकवायचं नाही. आधी पेन्सिल, मग शाई. संगणक नव्हता. चूक झाली तर पांढऱ्या रंगाचा थर देऊन त्यावर पुन्हा काढायचं.

मी एकदा पाटीवर नागराज उतरवायला बसलो होतो. एका दंडाच्या खवल्यांत दुपार गेली. आजीनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "माझा नाग दोन वेटोळ्यांत होते, तुझा संध्याकाळपर्यंत होत नाही." तिला मी काय सांगणार? पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की हे काढणारा कुणीतरी माणूस आहे, त्याचाही हात दुखत असेल.

मुळीकांनंतर नागराजला मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांचेही हात लागले आणि १९९५ नंतर तो अनुपम सिन्हांकडे गेला. सिन्हांनी १९८७ पासून 'सुपर कमांडो ध्रुव' लिहायचं आणि काढायचं अशी दोन्ही कामं एकट्यानं चालवली होती. त्यांचा नागराज सडसडीत आणि चपळ. दोन्हींचे चाहते अजून हुज्जत घालतात. माझं मत विचाराल तर वेग सिन्हांचा आणि वजन मुळीकांचं. मी वजनाच्या बाजूचा.

मराठी हात आणखीही आहेत. 'भोकाल' हा राज कॉमिक्सचा ढाल-तलवारवाला नायक, त्यामागे दिलीप कदम. याच कदमांनी अमर चित्र कथेच्या ४२ भागांच्या महाभारताचा बहुतांश भाग काढला आणि १९७९ चा 'बाबासाहेब आंबेडकर'ही. बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती आमच्या भंडाऱ्यातून. त्याच जिल्ह्यातल्या पोरांच्या हातात पंचवीस वर्षांनी कदमांचं ते पुस्तक येऊ शकत होतं, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. अमर चित्र कथेचा पहिला कृष्ण राम वाईरकरांचा. 'टिंकल'मधल्या ज्या सुपंडीवर मुलं आजही हसतात, त्याचं रूपही वाईरकरांनीच दिलं. २००३ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं, अर्चना आंबेरकरांनी, सुपंडी पुढे चालवला. आणि २००४ साली तर खुद्द स्पायडरमॅनच मुंबईचा झाला. जीवन कांग यांनी त्याला धोतर नेसवलं, नाव ठेवलं पवित्र प्रभाकर. २०२३ च्या हॉलिवूड अॅनिमेशनपटात तो जगभर दिसला. कर्बींच्या देशातून निघालेली रेषा अशी फिरून परत तिकडे गेली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राज कॉमिक्स असो की अमर चित्र कथा, चित्रकाराचं नाव आत पहिल्या पानावर छापलेलं असायचं. पवनीच्या शिल्पकारासारखं ते पुसलेलं नव्हतं. ते आम्ही वाचलं नाही. नागराज कुणाशी लढला हे तोंडपाठ, आणि 'चित्रांकन' या शब्दापुढचं नाव डोळ्यांखालून तसंच निघून गेलं. भाऊंच्या खोपट्यातली ती सगळी कॉमिक्स एका पावसाळ्यात भिजली आणि रद्दीत गेली. मुळीकांचं नाव मी मन लावून वाचलं ते फार पुढे, नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर एक जुना अंक मिळाला तेव्हा. पाच मिनिटं तिथेच उभा होतो. मुळीक! म्हणजे आपलाच माणूस.

अमेरिकेत कर्बींची मूळ पानं आज मोठ्या किमतीला लिलावात विकली जातात, त्यांच्यावर चरित्रं आहेत, त्यांच्या कामाचं जतन करणारं संग्रहालय आहे. मराठीत नाटककारांची चरित्रं आहेत, गायकांची आहेत, क्रिकेटपटूंची आहेत. ज्या मराठी हातांनी अर्ध्या भारताच्या लहानपणाला चेहरा दिला, त्यांच्यासाठी आपल्या ग्रंथालयांत एक फळी असायला काय हरकत आहे? भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही माळ्यावर, जुन्या पेटीत, दिवाळीच्या साफसफाईत अशी कॉमिक्स निघाली तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. आधी पहिलं पान उघडा, चित्रकाराचं नाव वाचा, वहीत टिपून ठेवा, आणि मग पोरांच्या हातात द्या. पान न मोडता वाचायला सांगा.